पाल्य सहलीला निघाले असता: नवशिक्या पालकांसाठी पुस्तिका

ज्यांचे मूल पहिल्यांदाच शाळेच्या मुक्कामी सहलीला निघाले आहे, अशा पालकांसाठी ही पुस्तिका आहे. अनुभवी पालकांनी ती वाचण्याची तसदी घेऊ नये. त्यांच्या सवयी आता सुटण्यातल्या नाहीत.

सोयीसाठी एकच सहल डोळ्यांसमोर ठेवू. सहावीचा वर्ग, पुण्याहून रायगड, दोन दिवस, एक मुक्काम, महिना डिसेंबर. एस.टी. शाळांच्या सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यामुळे गाडी लाल. शुल्कात नाश्ता, दोन जेवणे आणि चहा धरलेला. तुमच्या शाळेची सहल अजिंठ्याला किंवा प्रतापगडाला जात असली तरी हरकत नाही. नाड्या सगळीकडे सारख्याच सुटतात.

पुस्तिका लिहिणारा शिक्षक आहे. गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन, मान सतत मागे वळवून बसलेला जो माणूस तुम्हाला निरोप देताना दिसतो, तो मीच. त्यामुळे या लिखाणात थोडा पक्षपात आढळल्यास तो तसाच राहू द्यावा.

आपण कोणत्या पंथाचे, हे ओळखणे

पालकांचे दोन पंथ आहेत. पहिला झेलकऱ्यांचा. मूल पडायच्या आधीच यांचा हात पुढे आलेला असतो. पुष्कळदा मूल पडणारही नसते, हाताला अडखळून पडते. दुसरा पंथ 'भोगू दे'वाल्यांचा. डबा विसरला? राहू दे उपाशी. स्वेटर नेला नाही? कुडकुडू दे. आपल्या कर्माची फळे आपणच खावीत, हे आपल्याकडचे जुनेच तत्त्वज्ञान या मंडळींना अलीकडे मोबाइलवरच्या एखाद्या समुपदेशकाकडून नव्याने कळलेले असते.

बहुतेक घरांत दोन्ही पंथांचा एकेक अनुयायी असतो आणि त्यांचे एकमेकांशी लग्न झालेले असते.

थोडा इतिहास (घाईत असाल तर गाळा)

'भोगू दे' पंथाचे मूळपुरुष म्हणून फ्रान्सच्या रूसोंचे नाव घ्यावे लागेल. १७६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'एमील'मध्ये त्यांनी खोलीच्या खिडकीची काच फोडणाऱ्या मुलाचे काय करावे, हे सांगितले आहे. काही करू नये. काच बसवू नये, रात्रंदिवस वारा लागू द्यावा. सर्दी झाली तरी परवडली, मूल मूर्ख राहिलेले परवडणार नाही. सल्ला ऐकायला मोठा तेजस्वी वाटतो. फक्त एक गोष्ट माहीत असलेली बरी. रूसोंनी स्वतःची पाचही मुले जन्मताच अनाथालयात पोहोचवली होती आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे फुटलेली खिडकी आणि शिंकणारे पोर यांच्याशी त्यांची एका घरात गाठ पडलेली नव्हती.

दुसरे आचार्य हर्बर्ट स्पेन्सर. आपल्या आगरकरांवर ज्यांचा दाट प्रभाव होता, ते हेच. १८६१ च्या त्यांच्या शिक्षणविषयक पुस्तकात एक मुलगी येते. रोज फिरायला निघायची वेळ झाली की सगळी तयार, ही मात्र कधीच तयार नाही. तिला रागावून उपयोग नाही, तिला घरी ठेवून इतरांनी निघून जावे, असा स्पेन्सर यांचा उपाय. स्पेन्सर आयुष्यभर अविवाहित राहिले.

पण त्यांच्यावर अन्याय नको. त्याच लिखाणात त्यांनी एक अपवाद ठळकपणे नोंदवला आहे. तीन वर्षांचे पोर उघडा वस्तरा घेऊन खेळत असेल, तर परिणाम त्याला शिकवतील म्हणून बसून राहायचे नाही, कारण तो परिणाम फार महाग पडेल. नंतरच्या वाचकांनी फिरायला जाणारी मुलगी लक्षात ठेवली आणि वस्तरा विसरले. आपण वस्तऱ्याकडे परत येणार आहोत.

तिसरे रुडॉल्फ ड्रायकर्स, व्हिएन्नात वाढून शिकागोत स्थायिक झालेले मानसोपचारतज्ज्ञ. १९६४ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ही विचारसरणी घराघरांत गेली. त्यांचा एक मुद्दा मला सहलीच्या दृष्टीने सर्वांत कामाचा वाटतो. परिणामात पालकाने आपला राग आणि प्रवचन मिसळले की तो परिणाम उरत नाही, शिक्षा होते. 'मी तुला आधीच सांगितलं होतं' हे वाक्य उच्चारताच सगळी विद्या वाया गेली म्हणून समजा.

इतिहास संपला.

बॅग

साहित्य: शाळेने दिलेली यादी, एक सॅक, एक मूल.

कृती: यादी मुलाच्या हातात द्यावी. सॅक कपाटावरून काढून द्यावी, कारण तिथवर त्याचा हात पोहोचत नाही. मग खोलीबाहेर जावे.

एवढेच. पण नवशिक्या पालकांना यातली तिसरी पायरी जमत नाही, म्हणून ती नीट समजावून सांगतो.

झेलकरी पद्धतीत बॅग आई भरते किंवा हल्ली बाबाही. तीन जोड मोजे असतात. एक भिजला तर दुसरा, दुसरा हरवला तर तिसरा. डिसेंबरात रायगडावर मोजे भिजवायचे तर गंगासागर तलावातच उतरावे लागेल. पण तर्काला इथे जागा नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पोहे-चिवड्याचा डबा, बेसनाचे लाडू 'मित्रांनाही दे' या सूचनेसह. सर्वांत खाली स्वेटर, कारण तो मऊ असतो आणि त्यावर डबे नीट बसतात.

संध्याकाळी सात वाजता पाचाडला वारा सुटतो. चिरंजीव दातांवर दात वाजवत माझ्याकडे येतात. 'सर, मी स्वेटर आणलाच नाहीये.' मी बॅग उघडतो. लाडवांखाली, चिवड्याखाली, मोज्यांच्या दुसऱ्या जोडाखाली स्वेटर असतो. ज्याची बॅग दुसऱ्याने भरली, त्याला त्या बॅगेत काय आहे हे दोन दिवसांत कधीच कळत नाही. घरी पोहोचल्यावर मग आई विचारते, 'अंघोळीनंतर पिवळा टीशर्ट का नाही घातलास?' त्या बिचाऱ्याला पिवळा टीशर्ट सहलीला आला होता, ही बातमीच नवी असते.

याउलट वर्गात तीन-चार मुले अशी असतात, ज्यांची आई सकाळी सहाला कामावर जाते. त्यांची बॅग म्हणजे कधी मोठ्या भावाचे दप्तर, कधी कापडदुकानाची नाडीची पिशवी. टॉर्च कुठे आहे हे त्यांना अंधारातही कळते. यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलेले नाही. यांना परिणामांची शिकवणी लावावी लागली नाही, ती पहिलीपासून फुकट मिळाली. तेव्हा 'मुलांना स्वतःचे परिणाम भोगू द्यावेत' हा विचार घरात कोणी मांडू लागले की आपण हौस म्हणून जे थोडेसे देणार आहोत, ते काहींच्या वाट्याला नको तेवढे आलेले आहे, याची आठवण ठेवावी.

आता अवघड भाग. मूल झोपल्यावर रात्री साडेअकराला बॅग तपासायची नाही. मूल झोपलेले नसते. उद्या सहल असताना सहावीतले कोणीही झोपत नाही. अंधारात सॅकच्या चेनचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू जातो आणि त्याला जे समजायचे ते समजते: आपण कशीही बॅग भरली तरी चालते, रात्री ती पुन्हा भरली जाते.

एवढे सांगूनही तुम्ही चेन उघडलीच आणि टॉर्च नाही असे दिसले, तर चेन बंद करा. टॉर्च नसल्याने काय होईल? रात्री शौचालयाकडे जाताना मित्राच्या टॉर्चमागून चालावे लागेल. मित्र आडव्या दगडाला अडखळेल, तुमचे मूल बाजूने जाईल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. या म्हणीची एकच अडचण आहे. प्रत्येक पालकाला आपले मूल मागचे हवे असते. चाळीस जणांच्या रांगेत मग पुढे चालायला कोणी उरत नाही.

पहाटे पाच वाजता

मुलाला शाळेच्या फाटकाशी सोडावे. गाडीत चढू नये. खिडकीतून आत हातरुमाल टाकून जागा धरू नये. ही कला एस.टी.च्या प्रवाशांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे आणि ती लोप पावू नये असे मलाही वाटते, पण सहलीच्या गाडीत जागा वर्गशिक्षक ठरवतात. खिडकी मिळाली नाही तर मूल पहिली दहा मिनिटे रुसते. चांदणी चौक ओलांडेपर्यंत ते शेजाऱ्याशी 'घाटापर्यंत तू, घाटानंतर मी' असा करार करून मोकळे होते. असे करार मी पाळले जाताना पाहिले आहेत. मोठ्यांच्या सहकारी संस्थांतल्या करारांबद्दल एवढ्या खात्रीने बोलता येणार नाही.

इथे 'भोगू दे' पंथालाही एक सूचना. उलटीची गोळी निघण्याआधी द्यायची असते, असे सूचनापत्रात लिहिलेले असते. एका वडिलांचे म्हणणे असे पडले की, त्याची तयारी त्याने करावी, गोळी विसरला तर ताम्हिणी घाट त्याला शिकवील. घाटाने शिकवले. फक्त धडा शेजारच्या मुलीच्या नव्या पंजाबी ड्रेसवर गिरवला गेला आणि पुसायला मी होतो. परिणाम नैसर्गिक होता, यात शंका नाही. पण ज्याने चूक केली त्याच्या वाट्याला तो जेमतेम चार आणे आला, बाकी बारा आणे इतरांनी वाटून घेतले. मुलावर काही सोपवण्याआधी हा हिशेब करावा. चुकीची किंमत जो चूक करतो त्यालाच पडणार आहे का? पडणार असेल तर खुशाल मागे उभे राहा.

उशिरा येणाऱ्यांचेही तेच. स्पेन्सर यांच्या सल्ल्याप्रमाणे गाडी सोडून द्यायला हवी. शाळा गाडी सोडत नाही. सोडली, तर सोमवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत स्पेन्सर यांना कोणी बोलावत नाही, मला बोलावतात. म्हणून एकासाठी बाकीचे सगळे थंडीत गाडीत बसून राहतात आणि उशिरा आलेला मुलगा त्यांच्याकडे पाहून हात हलवत चढतो. त्याला अर्धा तास आधी उठवण्याचे काम निसर्गाचे नाही. ते तुमचे आहे.

दरम्यान, घरी

सहल या प्रकारातील सर्वांत खडतर भाग घरी घडतो.

गाडी पौडच्या अलीकडे असते, तेव्हा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न येतो: 'पोहोचले का?' त्यानंतर घाटात रेंज जाते. त्या तासाभरात गटावर काय काय होते, हे मी निजामपूरला पोहोचल्यावर वाचतो. 'सर फोन उचलत नाहीयेत.' 'कुणाला काही कळलं का?' 'काळजी करू नका, घाटात रेंज नसते.' 'पण इतका वेळ?' 'माझे एक काका माणगावला आहेत, त्यांना सांगू का रस्त्यावर जाऊन उभं राहायला?' शेवटी कोणीतरी हात जोडल्याची तीन चित्रे टाकतो आणि गट शांत होतो.

मी पाचाडहून एक छायाचित्र पाठवतो. चाळीस मुले, मागे गड. मी ते गडासाठी पाठवलेले असते. पालक तो फोटो दोन बोटांनी ताणून ताणून आपले मूल शोधतात आणि मग त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होते. 'सर, दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. त्याची टोपी कुठे आहे?' टोपी त्याच्या बॅगेत, लाडवांखाली आहे. पण मी ते लिहीत नाही. थम्ज अप पाठवतो.

गडावरचा गाईड एक प्रयोग करून दाखवतो. एकाला नगारखान्यात उभे करतो, बाकीच्यांना सिंहासनाच्या जागी, आणि तिकडची कुजबूज इकडे ऐकू येते. मुले थक्क होतात. मला तितके आश्चर्य वाटत नाही. पुण्यातल्या एका स्वयंपाकघरातून निघालेली कुजबूज गटावरून मुख्याध्यापकांकडे आणि त्यांच्याकडून गडावर माझ्यापर्यंत अकरा मिनिटांत आलेली असते.

या काळात पालकांनी काय करावे, असे विचारले जाते. माळा आवरावा. सिनेमाला जावे, दुपारच्या खेळाला तिकीट मिळते. एकमेकांशी बोलावे, सुरुवातीला विषय सापडत नाही, पण नंतर आठवतात.

शंका: मुलाने शिक्षकांच्या फोनवरून रडत फोन केला तर?
समाधान: ऐकून घ्यावे. 'मी येतो न्यायला' हे वाक्य गिळावे. रात्री नऊला घरची आठवण येणे हा आजार नाही आणि साडेनऊला भुताच्या गोष्टी सुरू झाल्या की ती जाते. ताप असेल, दम लागत असेल, मूल कोणाला घाबरून बोलत असेल, तर मात्र शिक्षकांशी लगेच बोलावे आणि उत्तर पटले नाही तर गाडी काढावी. आवाजातला फरक आईबापांना कळतो, त्यासाठी पुस्तिका लागत नाही.

शंका: आम्ही सहज म्हणून रायगडला आलो आणि योगायोगाने भेट झाली तर चालेल का?
समाधान: नाही.

गडावर

रायगडाच्या पायऱ्या दीड हजारांच्या आसपास आहेत. नवे बूट चावतात. आईने 'जुने घाल' म्हटले होते, पोराने नवे घातले, महादरवाज्यापर्यंत टाचेला फोड. पट्टी माझ्याजवळ असते. ती लावून पोर चालत राहते आणि पुढच्या वर्षी कोणी न सांगता जुने बूट घालून येते. 'भोगू दे' पंथाच्या पुस्तकात छापावे असे हे उदाहरण आहे, आणि इतके सरळ उदाहरण मला क्वचितच सापडते.

पैशांचे उदाहरण घ्या. शाळा सांगते, खर्चाला शंभर रुपयेच द्या. झेलकरी पालक शंभर हातात देतात आणि दोनशे मोज्यात. ते सोडा. ज्याच्याकडे खरोखर शंभरच आहेत, तो पायथ्याच्या दुकानात पहिल्या दहा मिनिटांत लाकडी तलवार घेतो. वर उन्हात बाजारपेठेपर्यंत चालून घसा कोरडा पडतो, ताकवाल्या मावशी समोर मडके घेऊन बसलेल्या असतात, आणि खिशात काही नाही. पुस्तकानुसार आता त्याने 'पैसे जपून खर्चावेत' हे शिकायला हवे.

तो काय करतो? तलवार भाड्याने देतो. पाच मिनिटांना दोन घोट ताक. संध्याकाळपर्यंत तीन तलवारी, एक दुर्बीण आणि अर्धा वर्ग एकमेकांच्या देण्याघेण्यात अडकलेला असतो आणि सोमवारी मधल्या सुट्टीत वसुली चालू असते. त्यात जपून खर्च करण्याचा धडा कुठेच नसतो. उधारी, घासाघीस, कोणाला किती ताणता येते, आणि कोण न मागता आपला पेला पुढे करतो, हे मात्र सगळे शिकून होते. परिणाम शिकवतात, ही गोष्ट खरी. ते नेमके काय शिकवतील, हे मात्र आईबापांना विचारून ठरत नाही. 'भोगू दे'वाल्यांचा अंदाज मला इथे सर्वांत जास्त चुकताना दिसतो.

म्हणूनच मुद्दाम रचलेले परिणाम तर अगदीच फसतात. 'सर, तो डबा विसरलाय, मला माहीत आहे, मी मुद्दाम आठवण केली नाही. त्याला कोणी काही देऊ नका.' असा फोन मला येतो. एक तर मुले ऐकत नाहीत. कोणाचा डबा नाही हे कळताच त्याच्यासमोर सात डबे येतात आणि तो सर्वांत चांगला जेवतो. दुसरे म्हणजे, मी त्या सात डब्यांवर पहारा बसवावा, अशी अपेक्षा असेल तर त्याला निसर्ग म्हणत नाहीत. ती तुमची शिक्षा आहे, अंमलबजावणी माझ्याकडे दिलेली.

मग हिरकणी बुरुज येतो. आख्यायिका सगळ्यांना पाठ असते. कोजागिरी, दूध घालायला आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि रात्रीच्या अंधारात कड्यावरून उतरलेली आई. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि तिथे बुरुज बांधला. झेलकरी पंथाने हिला आपली कुलदेवता मानले तर नवल नाही. त्यांच्या सोयीसाठी १९९६ पासून हिरकणीवाडीतून रोपवेही सुरू आहे. मात्र एक तपशील सुटू नये. हिरकणीचे मूल पाळण्यात होते, सहावीत नव्हते. आणि तिने जीव टांगणीला लावला तो पोर उपाशी मरेल म्हणून, टोपीसाठी नव्हे.

वस्तरा

इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यानंतर शिक्षण खात्याने सहलींसाठी नियमांची लांबलचक यादी काढली. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. बोटीत जास्त माणसे भरली होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. भरतीचे पाणी, घाटातले वळण, गडावरच्या टकमक टोकाचा कडा यांच्याकडून कोणी काही शिकत नाही, कारण चुकल्यावर दुसरी संधी नसते. इथे पालकांनी मध्ये पडायचे असते, आणि जोरात पडायचे असते.

आता सहलीच्या पालकसभेत काय विचारले जाते, ते सांगतो. भाजी कोणती? गरम पाणी मिळेल का? उशी घरून द्यायची का? माझी मुलगी तिच्या मैत्रिणीशेजारीच झोपेल ना? या प्रश्नांना पाऊण तास जातो. चालक आदल्या रात्री दुसरी फेरी करून तर येणार नाही ना, असे सहसा कोणी विचारत नाही. चाळीस मुलांमागे शिक्षक किती, त्यांत शिक्षिका किती, टकमक टोकाशी रांगेच्या पुढे कोण आणि मागे कोण, वेळ उरला म्हणून ऐनवेळी समुद्रकिनारा जोडला जाणार आहे का, प्रथमोपचाराची पेटी शेवटची कधी उघडून पाहिली, रात्री कोणाचे पोट दुखले तर महाडला कोणत्या दवाखान्यात न्यायचे, हेही नाही. विचारले तर मला राग येणार नाही. माझी रात्रीची झोप थोडी सुधारेल, कारण ते प्रश्न मी एकटाच स्वतःला विचारत असतो.

'श्यामची आई'तली आई आठवा. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला तिने शिमटीने बडवून विहिरीवर धाडले. पहिल्या नजरेत ती 'भोगू दे' पंथाची वाटते. पण विहिरीत जाणते पोहणारे आधीच उतरलेले होते. तिने भीती मुलाची मुलाकडे राहू दिली आणि धोक्याची व्यवस्था आधी पाहिली. आपण बरोबर उलटे करतो. भीती घालवायला धावतो आणि विहिरीत कोण आहे, हे बघत नाही.

आणखी एका ठिकाणी मध्ये पडावे लागते, पण तिथे तुमची गरज नाही, माझी आहे. दर वर्षी एखादी मुलगी सहलीचे सूचनापत्र घरी दाखवतच नाही. शुल्काचा आकडा वाचून तिने स्वतःच निर्णय घेतलेला असतो आणि वर्गात 'मला गाडी लागते' असे कारण सांगते. तिला तिच्या निर्णयाचे परिणाम भोगू द्यावेत, असे कुठलेही पुस्तक म्हणणार नाही, अशी आशा आहे. शिक्षकखोलीत एक पाकीट फिरते. तुमच्याकडे तीन जोड मोज्यांचे पैसे वाचले असतील तर त्यात घाला आणि नाव विचारू नका.

परत आल्यावर

गाडी साडेनऊची असते आणि अकराला येते. फाटकाशी धावत जाऊन बॅग हातातून घेऊ नये. दोन दिवस ती त्यानेच वाहिली आहे, गाडीपर्यंतची शंभर पावले तो नेईल. 'काय काय खाल्लंस?' हा पहिला प्रश्न ठेवू नये. बॅगेची झडती त्याच रात्री घेऊ नये. एक मोजा गेलेला असेल, नॅपकिन दुसऱ्याच कोणाचा असेल, तीन दिवसांपूर्वीच्या चिवड्यात पाणी गेलेले असेल. धुण्याची बादली दाखवावी आणि झोपायला जावे.

सहलीत काय झाले, ते तो सांगेल किंवा सांगणार नाही. पुष्कळ मुले पहिल्यांदाच अशी गोष्ट घरी घेऊन येतात, जी आईबापांना माहीत नाही. त्यांना ती थोडे दिवस जवळ ठेवायची असते. तलवारीचा व्यवहार तुम्हाला बारावीनंतर कळेल.

पुढच्या नोव्हेंबरात सातवीचे संमतिपत्र येईल. सर्वांत खाली 'पालकांच्या विशेष सूचना' असा एक रकाना असतो. ॲलर्जी, दमा, फिट, चालू औषधे, यांतले काही असेल तर स्वच्छ अक्षरात लिहा. तो रकाना पाठ करूनच आम्ही गाडीत बसतो. नसेल तर एक आडवी रेघ मारा आणि खाली सही करा.